रक्तदानातनं कायमचं बाद झाल्यानंतरचं सव्वा वर्ष

गेल्या महिन्यात एका मुलाचा मेसेज आला, इचलकरंजीचा आहे, कॉलेजला. "दादा मी गे आहे, आमच्या मंडळाचं रक्तदान शिबिर आहे, सगळी पोरं देणार आहेत, मी काय करू?" त्याला उत्तर लिहायला बसलो आणि ते इतकं लांबलं की म्हणलं सगळ्यांसाठीच लिहावं, कारण मला हे सगळं कळायला सव्वा वर्ष गेलं आणि त्यातले बरेच दिवस मी नुसता घाबरून काढलेत.

तर पहिल्यापासनं सांगतो. मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेत वाढलेला. 2010 ला पहिल्यांदा रक्त दिलं, तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. आमच्याकडं शिबिर म्हणजे सण असतो, कोपऱ्यावर मांडव, स्पीकर, रक्त दिलं की केळं, बिस्किटपुडा आणि एक सर्टिफिकेट. फॉर्म कोणी वाचत नाही हो. मंडळातला एक जण टेबलावर बसून सगळ्यांचे फॉर्म भरतो, नाव, वय, वजन, आणि खालच्या सगळ्या प्रश्नांना नाही नाही नाही अशी एक लांब रेघ, आपण फक्त सही करायची. मी तशाच सह्या केल्या. नोव्हेंबर 2023 पर्यंत सतरा वेळा रक्त दिलं, सगळी डोनर कार्डं आईनं एलआयसीच्या कागदांबरोबर जपून ठेवलेली आहेत.

18 फेब्रुवारी 2024, रविवार. शिवजयंतीच्या आदल्या दिवशीचं शिबिर, पेठेतल्या शाळेच्या वर्गात. त्या दिवशी फॉर्म भरणारा दोस्त उशिरा आला म्हणून मी माझा फॉर्म स्वतः भरायला घेतला, आणि पहिल्यांदा तो वाचला. खाली बारीक अक्षरात एचआयव्हीचा धोका असलेल्या लोकांची यादी होती. तृतीयपंथी, पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष, वेश्या व्यवसायातल्या स्त्रिया, सुईनं नशा करणारे, एकापेक्षा जास्त जोडीदार असणारे. यातलं काही लागू असेल तर रक्त देऊ नये.

मी 2021 पासून एकाच माणसाबरोबर आहे. तो सांगलीला असतो, शनिवार रविवार येतो. घरात फक्त ताईला माहीत होतं. पेन हातात धरून किती वेळ बसलो आठवत नाही. ती ओळ कोरी ठेवली आणि रांगेत पुढं सरकलो.

पुढं हिमोग्लोबिनचं टेबल. ज्यांनी कधी दिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, तिथं निळ्या पाण्याची एक छोटी बाटली असते, मोरचुदाचं पाणी. बोटाला टोचून एक थेंब त्यात सोडतात. थेंब बुडाला तर हिमोग्लोबिन साडेबारा किंवा त्याच्या वर, तरंगत राहिला तर कमी. माझा थेंब दरवेळेसारखा झर्रकन तळाला गेला. तिथला टेक्निशियन म्हणाला, "एक नंबर." मग बीपी, वजन, ते पण बरोबर.

डॉक्टरांसमोर बसलो तेव्हा म्हणलं, "सर, जरा बाजूला बोलायचं होतं." ते खिडकीजवळ आले. मी सांगितलं. मला वाटलं होतं विचारतील किती वर्षं एकत्र आहात, काळजी घेता का, टेस्ट केलीय का. त्यांनी काही विचारलं नाही. चांगले होते, आवाज पण खाली ठेवला त्यांनी, म्हणाले, "खरं सांगितलंस ते बरं केलंस, पण 2017 चा नियम आहे, मला घेता येत नाही."

"किती दिवस?"

"कायमचं."

फॉर्मवर त्यांनी इंग्रजीत परमनंट डिफरल असं लिहिलं. मी परत टेबलाजवळ आलो तर त्या टेक्निशियननं फॉर्म बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि बोटावरचा कापूस मला म्हणाला तुम्हीच उचला आणि त्या पिवळ्या पिशवीत टाका. माझ्या आधीच्या सगळ्यांचा कापूस तोच उचलत होता. बाहेर पोरं उभी होती, "काय रे भावा, एवढ्यात झालं?" मी म्हणलं बीपी वाढलंय. केळं घेतलं नाही.

तुमच्यापैकी कोणावर ही वेळ आली तर दोन गोष्टी सांगतो. एक, डॉक्टरांशी बाजूला बोलायचं असं स्पष्ट मागा, तो तुमचा हक्क आहे आणि ती विचारपूस गुप्त ठेवणं त्यांचं काम आहे. दुसरं, खोटं लिहून रक्त देऊ नका. का ते पुढं येईलच.

त्यानंतरचा आठवडा लई वाईट गेला. रात्री एकच गोष्ट डोक्यात, 2021 नंतर मी सहा-सात वेळा रक्त दिलंय, ते कोणाला दिलं असेल. मला काही असतं तर? रक्तपेढीतनं कधी फोन आला नव्हता, पण भीतीला हे समजावून सांगता येत नाही.

26 फेब्रुवारीला, सोमवारी, अर्धी सुट्टी काढली (मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत अकाउंट्सला आहे) आणि सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, गेलो. तिथं आयसीटीसी आहे, म्हणजे एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन केंद्र. तपासणी फुकट. आधी समुपदेशक मॅडम आत घेऊन बसल्या, दार लावलं, संमतीची सही घेतली. आणि मग त्यांनी विचारलं, एकेक करून. जोडीदार किती, गेल्या तीन महिन्यांत कोणी नवीन का, कंडोम वापरता का, दरवेळी का कधीकधी, सुईनं कधी काही घेतलंय का, जोडीदाराची तपासणी झालीय का. मला पहिल्यांदा लाज वाटली आणि मग इतकं बरं वाटलं की काय सांगू. म्हणजे धोका किती हे ठरवायला हे प्रश्न लागतात की. शाळेतल्या वर्गात यातला एक पण प्रश्न न विचारता माझा निकाल लागला होता.

मी त्यांना जुन्या रक्तदानाचं विचारलं. त्या म्हणाल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया अशा पाच तपासण्या होतात, त्याशिवाय ती पेशंटला देतच नाहीत. पण विंडो पिरियड म्हणून एक भानगड असते, लागण झाल्यावर सुरुवातीचा काही काळ असा जातो की टेस्टमध्ये दिसत नाही, म्हणून प्रश्न विचारणं पण गरजेचं असतं. रिपोर्ट त्याच दिवशी दुपारी मिळाला, नॉन-रिॲक्टिव्ह, म्हणजे लागण दिसली नाही. तीन महिन्यांनी परत या म्हणाल्या. पुढच्या शनिवारी माझा जोडीदार आला तेव्हा त्याची पण तपासणी झाली होती, सांगलीतच, त्याचं पण नॉन-रिॲक्टिव्ह. 27 मे ला मी परत गेलो, परत तेच. दोन्ही रिपोर्ट प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून गाडीच्या डिकीत ठेवले, का ठेवले माहीत नाही.

ज्यांना सरकारी दवाखान्यात जायची भीती वाटते त्यांना सांगतो, नाव बाहेर जात नाही, 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे त्यात गुप्ततेची तरतूद आहे. आणि नुसतं फोनवर विचारायचं असेल तर 1097 ही नाकोची, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची, फुकट हेल्पलाइन आहे.

या मधल्या काळात मी नियम शोधून वाचले. ऑक्टोबर 2017 मध्ये राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषद आणि नाको यांनी रक्तदाता निवडीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या 12 आणि 51 नंबरच्या कलमांत आपलं प्रकरण आहे. 51 मध्ये सरळ कायमचं बाद. एकच जोडीदार असो, काळजी घेत असो, दहा टेस्ट केलेल्या असोत, काही फरक नाही. म्हणजे 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टानं समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधनं आपल्याला मोकळं केलं, त्या संध्याकाळी मी रंकाळ्यावर एकटा बसून रडलो होतो आनंदानं, तेव्हा हा कागद वर्षभर आधीच निघालेला होता आणि मला पत्ता नव्हता.

2021 मध्ये मणिपूरच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या सांता खुराई यांनी या कलमांविरुद्ध सुप्रीम कोर्टात याचिका टाकली. कोर्टानं नोटीस काढली पण नियमाला स्थगिती दिली नाही. 2023 मध्ये केंद्र सरकारनं उत्तर दिलं, की या गटांमध्ये लागणीचं प्रमाण जास्त आहे, शास्त्रीय आधारावर नियम केलाय, आणि रक्त घेणाऱ्याची सुरक्षितता आधी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फक्त राग आला. जूनमध्ये ते वाक्य परत आठवलं, वेगळ्या जागी उभा असताना.

9 जून 2024, रविवार. आई बाथरूममध्ये पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. वय 67. बुधवारी ऑपरेशन ठरलं आणि सोमवारी सकाळी हॉस्पिटलमधल्या मॅडमनी सांगितलं की दोन पिशव्या रक्त लागेल, रक्तपेढीत दोन डोनर घेऊन जा. म्हणजे बदली रक्त. 2002 च्या राष्ट्रीय रक्त धोरणात हे बदली डोनर बंद करून सगळं स्वेच्छा रक्तदानावर आणायचं लिहिलंय, पण ऐन वेळेला कोण वाद घालणार, आई आत कळवळत होती.

मामा लगेच म्हणाले, "डोनर कशाला शोधायचे, हा हाय की. आपल्या मंडळाचा रेग्युलर." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. ताईनं पण बघितलं, पण तिची नजर वेगळी होती.

मी खोटं बोलू शकलो असतो. वेगळी रक्तपेढी, वेगळा फॉर्म, परत सगळ्याला नाही नाही नाही, कोणाला कळलं असतं? दोन रिपोर्ट डिकीत होते. पण समजा सगळेच असं करायला लागले, ज्यांनी टेस्ट केलेली नाही ते पण, ज्यांना विंडो पिरियड काय ते माहीतच नाही ते पण, तर ती पिशवी कोणाच्या तरी आईलाच जाणार की. मी म्हणलं, "मामा, मला डॉक्टरांनी देऊ नको सांगितलंय." मामा म्हणाले, "का रे, काय झालंय तुला?" ताई मधे पडली, "त्याचं बीपीचं आहे मामा," आणि विषय संपवला. दुसऱ्यांदा तेच खोटं, या वेळी तिच्या तोंडून.

मग धावपळ. दाजींनी एक पिशवी दिली. ताई द्यायला बसली तर तिचा थेंब तरंगला, हिमोग्लोबिन अकराच्या आसपास, बाद. चुलतभावानं दोन महिन्यांपूर्वीच दिलेलं, पुरुषांना 90 दिवस थांबावं लागतं, बायकांना 120, तो पण बाद. म्हणून दोन पिशव्या हव्या असतील तर पाच माणसं सांगून ठेवा, दोन नाही. त्यांना आधीच विचारा, 18 ते 65 वय, वजन 45 च्या वर, शेवटचं कधी दिलं, अँटिबायोटिक चालू आहे का, वर्षभरात टॅटू काढलाय का. आणि उपाशीपोटी आणू नका.

टॅटूचं मुद्दाम सांगतोय. सोमवारी संध्याकाळी मी माझ्या सगळ्यात जुन्या दोस्ताला फोन केला, तोच जो शिबिरात सगळ्यांचे फॉर्म भरतो. म्हणाला येतो, पण तू का देत नाहीस? मी म्हणलं भेटून सांगतो. व्हीनस कॉर्नरला चहाच्या गाड्यावर भेटलो आणि मी सांगून टाकलं, सगळं, त्या फॉर्मवरच्या ओळीसकट. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मग आधी सतरा वेळा दिलंस ते?" मला ते लागलं, पण प्रश्न बरोबर होता, माझ्या पण मनात पहिला तोच आला होता. मी पाच तपासण्यांचं सांगितलं, माझ्या रिपोर्टचं सांगितलं, डिकी उघडून दाखवले पण. त्यानं दिव्याखाली धरून दोन्ही वाचले आणि परत नीट कव्हरात घालून दिले. "चल," म्हणाला.

रक्तपेढीत गेलो तर त्याच्या दंडावर शिवमुद्रेचा टॅटू, गेल्या दिवाळीत काढलेला. टॅटूला बारा महिने थांबावं लागतं. बाहेर पायरीवर बसला, त्याला लई वाईट वाटत होतं की वेळेला उपयोगी पडलो नाही. मी म्हणलं, "तुझं दिवाळीला सुटतंय रे." त्यानं माझ्याकडं बघितलं आणि त्याला ते कळलं, मला पुढं बोलावं लागलं नाही. तिथंच बसून त्यानं आठ जणांना फोन लावले, मंगळवारी सकाळी नऊला तालमीतला एक पोरगा हजर, काही न विचारता देऊन गेला.

खर्चाचं सांगतो. रक्ताची किंमत नसते, प्रोसेसिंगचे पैसे असतात. आम्हाला लाल पेशींच्या एका पिशवीचे 1550 म्हणजे दोनचे 3100 झाले, क्रॉसमॅचचे, म्हणजे पेशंटशी रक्त जुळतं का त्या तपासणीचे, वेगळे. पावती मागून घ्या. आणि कुठल्या रक्तपेढीत काय शिल्लक आहे ते ई-रक्तकोषच्या साइटवर दिसतं, फोन करून खात्री मात्र करा.

बुधवारी सकाळी पहिली पिशवी आणायला मीच गेलो. थर्माकोलचा डबा, आत बर्फाचे पॅक, डबा मांडीवर घेऊन मी दाजींच्या गाडीवर मागं बसलेलो. हॉस्पिटलच्या काउंटरवर नर्सबाईंनी पिशवी बाहेर काढली आणि लेबल जुळवायला लागल्या, तेव्हा मी पण वाकून वाचलं. बी पॉझिटिव्ह. काढल्याची तारीख, संपायची तारीख. त्याखाली एकाखाली एक, एचआयव्ही नॉन-रिॲक्टिव्ह, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी) नॉन-रिॲक्टिव्ह, एचसीव्ही (हिपॅटायटिस सी) नॉन-रिॲक्टिव्ह, सिफिलिस, मलेरिया. कुणाचं रक्त होतं काय माहीत. गडद, जवळजवळ काळपट लाल, आणि पिशवी इतकी गार की बाहेरनं घाम फुटला होता तिला. ते आता माझ्या आईच्या अंगात जाणार होतं. आणि खरं सांगतो, त्या मिनिटाला मला वाटलं की ज्यानं कोणी हे दिलंय त्याला सगळे प्रश्न विचारलेले असू देत, कडक विचारलेले असू देत. केंद्र सरकारचं ते वाक्य, घेणाऱ्याची सुरक्षितता आधी, ते मला त्या काउंटरवर पटलं.

म्हणूनच नियम पटत नाही. त्या माणसाला, तो बाई आवडणारा आहे एवढ्यावर, गेल्या तीन महिन्यांत काय केलंस हे कोणी खोदून विचारलं असेल का? आमच्या मंडळात तर एकाच रेघेत सगळं नाही. ब्रिटननं 14 जून 2021 पासून काय केलं बघा, पुरुष असो बाई असो, गे असो नसो, सगळ्यांना तेच प्रश्न, तीन महिन्यांत नवीन जोडीदार किंवा एकापेक्षा जास्त जोडीदार आणि गुदमैथुन झालं असेल तर तीन महिने थांबा, नाहीतर द्या. कॅनडानं 2022 मध्ये, अमेरिकेनं मे 2023 मध्ये असाच बदल केला. हे ढिलं करणं नाही. उलट आज जी माणसं एका रेघेत सुटतात त्यांना पण बसवून विचारणं आहे, सीपीआरमधल्या मॅडमनी मला विचारलं तसं.

ऑपरेशन नीट झालं. 17 जूनला आईला घरी आणलं. जुलैत ती वॉकर घेऊन चालायला लागली आणि एका दुपारी, मी ऑफिसमधनं लवकर आलेलो, ती कॉटवर कार्डांची पिशवी घेऊन बसलेली. "सतरा हायती," म्हणाली, "मोजली मी. मग माझ्या वेळेला का न्हाई दिलंस? मामा म्हणत होता बीपी हाय तुला. गोळ्या तर खाताना दिसत न्हाईस."

मी सांगितलं. पहिल्यांदा नियमाचं सांगितलं आणि मग कशामुळं ते. ती ऐकत होती, कार्डं हातातच. तिनं एकच विचारलं, "आजार न्हाई न्हवं काही?" मी म्हणलं नाही, दोनदा तपासलंय. "मग घेत का न्हाईत?" मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर आठ-दहा दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. आता बोलते, पण त्या विषयावर अजून नाही. कार्डं परत एलआयसीच्या कागदांत ठेवलीत.

2024 मध्येच लेखक शरीफ रांगणेकर यांची पण याचिका कोर्टात गेली, या वेळी गे पुरुषांवरच्या बंदीविरुद्ध, आणि कोर्टानं नोटीस काढली. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं केंद्राला विचारलं, की आपण सगळ्याच तृतीयपंथीयांवर धोकादायक म्हणून शिक्का मारतोय का, तज्ज्ञांशी बोला, सुरक्षिततेला धक्का न लावता हा कलंक कसा काढता येईल बघा. हे लिहितोय तोवर नियम तोच आहे. म्हणून इचलकरंजीच्या मित्रा, तुझ्या शिबिरात तुला देता येणार नाही. लपवून देऊ नकोस. जायचं असेल तर कामाला जा, तिथं माणसं लागतातच.

मी तसंच केलं. 26 जून 2025, शाहू जयंती, बाहेर पाऊस, आमचं शिबिर परत त्याच शाळेत. दोस्तानं या वेळी फॉर्मच्या टेबलावर मला शेजारी बसवलं. आम्ही ठरवलं होतं की कोणाचा फॉर्म आपण भरायचा नाही, ज्याचा त्यानं वाचायचा, आणि टेबलं पण लांब लांब लावली, म्हणजे एकाचं दुसऱ्याला दिसू नये. दुपारी एकपर्यंत बरीच पोरं झाली. मग एक आला, अठरा-एकोणीसचा असेल, ओल्या केसांचा, दोस्तांच्या घोळक्यातनं. वाचत वाचत खाली गेला आणि पेन थांबलं. मला ती जागा पाठ आहे.

मी काही बोललो नाही. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, म्हणाला, "जरा फोन आलाय, आलोच," आणि पावसात बाहेर गेला. फोन वाजला नव्हता. थोड्या वेळानं त्या घोळक्यातलाच एक जण येऊन विचारायला लागला, आमचा तो झाला का? म्हणलं, हो, झाला की. आणि त्याचा अर्धा भरलेला फॉर्म गठ्ठ्याच्या तळाला सरकवला.